फिशर-हॅरिस आला ते ठीक, पण फोनुआ-ब्लेक गेला त्याचं काय? (वॉरियर्स २०२५)

पेनरोज_पांडू | २० फेब्रुवारी २०२५, रात्री ९.४०

वॉरियर्सचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमध्ये खेळणाऱ्या आपल्या ऑकलंडच्या टीमचा, सीझन तोंडावर आला आणि इथे अजून एक धागा नाही म्हणून मीच काढतो. दहा दिवसांत लास वेगासला कॅनबेराविरुद्ध पहिली मॅच. शॉन जॉन्सन गेल्या वर्षी थांबला, टोहू हॅरिस मनगटाच्या दुखण्यापायी निवृत्त झाला, ॲडिन फोनुआ-ब्लेक सिडनीच्या क्रोनुला क्लबला गेला, आणि एवढ्या मोठ्या भगदाडाला आपल्या क्लबने जे मोठं ठिगळ लावलंय ते म्हणजे जेम्स फिशर-हॅरिस. चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, वर कप्तानपण केलाय.

माझं म्हणणं सरळ आहे. माणूस भारी आहे, सिडनीच्या पेनरिथ क्लबबरोबर २०२१, २२, २३, २४ असे लागोपाठ चार कप जिंकून आलाय, त्यावर वाद नाही. पण आपण तेराव्या नंबरवर संपलोय हो गेल्या वर्षी. तेराव्या नंबरच्या टीमला २९ वर्षांचा प्रॉप हवा होता की एखादा हाफबॅक, म्हणजे किक मारून डाव चालवणारा? बॉल पुढे नेणारे आपल्याकडे आहेत, पुढे नेऊन त्याचं करायचं काय हे कळणारा कोण आहे?

बोला आता.


निळकंठ_ब्लॅकटाउन | २० फेब्रुवारी, रात्री १०.१५

पहिला नंबर माझा 😀 पेनरिथवाला आहे, त्यामुळे आधीच सांगतो, जखम ताजी आहे. लुआई टायगर्सकडे गेला तेव्हा एवढं वाटलं नव्हतं. फिश गेला तेव्हा बायकोने विचारलं की घरात कुणी आजारी आहे का.

पांडूशेठ, तुम्ही हाफबॅक म्हणताय, पण आमचा नेथन क्लिअरी आरामात उभा राहून किक मारायचा ना, तो आराम त्याला कुणी मिळवून दिला? फिशर-हॅरिस आणि मोझेस लिओटा. समोरची टीम पहिल्या वीस मिनिटांत मागे रेटली गेली की मग हाफबॅक कुणीही हुशार दिसतो. तुम्ही जॉन्सनला इतकी वर्षं शिव्या दिल्या त्यातल्या निम्म्या त्याच्या पुढच्या लोकांना द्यायला हव्या होत्या.


कबड्डीवेडा_सांगली | २१ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

मला ह्या खेळातलं काही कळत नाही, धागा वर दिसला म्हणून आलो. प्रॉप म्हणजे नक्की काय करतो? रग्बीच ना ही? कोल्हापूरची पोरं खेळतात ती?


बिनपगारी_पंच | २१ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

@कबड्डीवेडा, कोल्हापुरात खेळतात ती युनियन. ही लीग, चुलतभाऊ समज, पण दोघं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. इथे तेरा खेळाडू. बॉल हातात असला की सहा वेळा पकडले जाईपर्यंत तुमचा डाव, सहाव्यांदा पकडलं की बॉल समोरच्याला, म्हणून पाचव्यानंतर बहुतेक किक मारून मोकळे होतात. बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला की ट्राय, त्याचे चार गुण, त्यावरच्या किकचे दोन.

प्रॉप म्हणजे आठ आणि दहा नंबरवाले. डिफेन्सवाल्यांना दहा मीटर मागे उभं राहावं लागतं, आणि रेफ्रीने सोडलं की ते पुढे धावत येतात. समोरून आपला प्रॉप बॉल पोटाशी धरून तेवढ्याच वेगात. मधे आदळतात. तीन जण त्याला अडवतात, पाडतात, अंगावर पडून राहतात जेवढं चालवून घेतलं जाईल तेवढं, मग त्याने उठायचं, बॉल जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवायचा, आणि लगेच पुढच्या धडकेसाठी लाइनीत येऊन उभं राहायचं. हेच संध्याकाळभर. हायलाइट्समध्ये हे कधीच दिसत नाही.

तो किती लवकर उठतो ह्यावर सगळं असतं. झटकन उठला तर समोरची लाइन अजून मागे जात असते आणि आपला हूकर, म्हणजे मागे सरकवलेला बॉल उचलणारा, पळत सुटतो. दीड सेकंद जास्त लागला की समोरचे परत ओळीत उभे, मग पुन्हा भिंत.


कबड्डीवेडा_सांगली | २१ फेब्रुवारी, सकाळी ९.१२

म्हणजे चढाईपण त्यानेच करायची आणि तीपण रोज तिसऱ्या चढाईसारखी, समोर सात जण भरलेले. समजलं.

मग ह्यावर आमच्याकडचं उदाहरण देतो. पुणेरी पलटणने नवव्या सीझनला फझल अत्राचलीला घेतलं, एक कोटी अडतीस लाख. डावा कोपरा, जगातला सगळ्यात अनुभवी डिफेंडर. टीम फायनलला गेली आणि जयपूरकडून २९-३३ हरली. पुढच्या वर्षी फझल नाही, अस्लम इनामदार कप्तान, शादलुई आणि तरणी पोरं, आणि कप आणला. आता तुम्हीच सांगा फझलला घेणं चूक होतं की बरोबर. आमच्या कट्ट्यावर ह्यावरून दोन मित्र अजून बोलत नाहीत.


ताईसाहेब_सँड्रिंगहॅम | २१ फेब्रुवारी, दुपारी १.४५

बरोबरच होतं! पोरांनी त्याच्याबरोबर एक वर्ष प्रॅक्टिस केली ती कुठे धरणार?

पांडूदादा, तुम्ही २००५ विसरलात का? मी तेव्हा नवीनच आले होते ऑकलंडला, थंडीने जीव जायचा आणि हे मला वॉरियर्सच्या मैदानावर, माउंट स्मार्टला घेऊन गेले, म्हणाले इथे फुकटात शेकोटी असते, म्हणजे माणसांची. त्याच वर्षी क्लबने दोन म्हातारे, म्हणजे तेव्हा लोक म्हातारेच म्हणायचे, घेतले होते. कॅनबेराहून रुबेन विकी आणि बुलडॉग्जकडून स्टीव्ह प्राइस. पहिल्या वर्षी काय झालं? काही नाही. त्यापुढच्या वर्षी सॅलरी कॅपच्या (खेळाडूंच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या) भानगडीत सीझन सुरू व्हायच्या आधीच चार गुण कापले. तेव्हाही लोक म्हणत होते म्हातारे कशाला आणले. आणि मग २००७ ला चौथे आलो, २००८ ला आठव्या नंबरवरून मेलबर्नला त्यांच्या घरी जाऊन हरवलं, शेवटच्या क्षणाला मायकल विटचा ट्राय. आठव्याने पहिल्याला हरवायची ती पहिलीच वेळ. आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा ओरडण्याने उठून खाली आले होते.

तर प्रॉप हे लोणचं आहे. आज घातलं आणि उद्या वाढलं असं नसतं.


पेनरोज_पांडू | २१ फेब्रुवारी, सायंकाळी ६.२०

ताई २००८ माझ्यापण काळजात आहे, पण लोणचं मुरेपर्यंत फिशर-हॅरिस बत्तीसचा होईल ना. आणि मुद्दा राहिलाच, फोनुआ-ब्लेक. २०२३ मध्ये वर्षाच्या सर्वोत्तम टीमचा प्रॉप होता तो. आपण प्रीलिमिनरी फायनलला, म्हणजे फायनलच्या एक पायरी अलीकडे गेलो ते कुणाच्या खांद्यावर? कॉन्ट्रॅक्ट बाकी असताना सोडून गेला. एक प्रॉप गेला, एक आला, हिशोब शून्य. ह्यात सेलिब्रेट काय करायचं?


फिजिओ_मनुकाऊ | २१ फेब्रुवारी, रात्री ११.०५

वयावरून थोडं. मी लोकल क्लबच्या पोरांची खांदे-गुडघे बघते, प्रो लोकांची नाही, त्यामुळे तेवढंच वजन द्या ह्या बोलण्याला.

सेकंडहँड ॲक्टिव्हा घेताना आपण काय विचारतो? मॉडेल कुठलं हे नंतर, आधी किती पळालीय. २९ म्हणजे प्रॉपसाठी काहीच नाही, उलट फॉरवर्ड्सचं अंग पंचविशीनंतरच भरतं. पण हा माणूस २०२० पासून पाच वर्षं सलग ग्रँड फायनलपर्यंत खेळलाय. बाकीच्या टीम्स सप्टेंबरला गावाला जातात, हा ऑक्टोबरपर्यंत आदळतोय, त्यावर पुन्हा किवीजच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या टीमच्या टेस्ट. म्हणजे त्याची सुट्टी दरवर्षी इतरांपेक्षा महिनाभर कमी. माझ्याकडे एक प्रॉप येतो, क्लब लेव्हलचा, दिवसा गोदामात काम करतो. सोमवारी त्याला शर्ट डोक्यावरून काढता येत नाही, आई काढते. मंगळवारी थोडा वर जातो हात. गुरुवारी म्हणतो ओके आहे मी, शनिवारी परत. तेवीस वर्षांचा आहे तो.

मी घेतला असता का? हो. चार वर्षं? तीन.


निळकंठ_ब्लॅकटाउन | २२ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

फिजिओताईंचा मुद्दा मान्य, पण तीन वर्षांवर तो आलाच नसता. तो पैशासाठी निघालाच नाही आमच्याकडून, कॉन्ट्रॅक्ट तर आमच्याकडेही होतं. कॉम्पॅशनेट ग्राउंडवर सोडलाय त्याला. घरी जायचं होतं, मुलं आपल्या माणसांत वाढावीत म्हणून. क्लबने मनात आणलं असतं तर धरून ठेवला असता, नाही धरला.


पेनरोज_पांडू | २२ फेब्रुवारी, सकाळी ८.००

आणि फोनुआ-ब्लेकही त्याच कारणाने गेला ना? त्याची माणसं सिडनीला म्हणून. मग त्याला गद्दार म्हणणारे ह्याच्यासाठी हार घेऊन का उभे आहेत? घराची ओढ असणारा माणूस आपल्याकडे येत असेल तर कुटुंबवत्सल, आणि जात असेल तर पळपुटा? मीसुद्धा शिव्या दिल्यात त्याला, खोटं नाही बोलत. काल झोपताना लक्षात आलं की मी तर दोन्हीकडून बोलतोय.


ओली_भाकर | २२ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

फारशी बोलत नाही इथे, वाचते फक्त. पांडूदादांचं वाचून लिहावंसं वाटलं.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला वडील एकटे पडले. आई गेली, भाऊ बेंगलोरला. मी ऑफिसात तीन महिने गावाहून काम करू द्या म्हणून मागितलं, फक्त तीन, काम तेच, लॅपटॉप तोच. सहा मेल झाल्या. शेवटी पॉलिसीत बसत नाही असं उत्तर आलं आणि खाली सहानुभूतीचं एक वाक्य, जे मला वाटतं सगळ्यांना तेच जातं. मी राजीनामा नाही दिला. होम लोन आहे. तेव्हा एक क्लब आपला सगळ्यात भारी फॉरवर्ड, कॉन्ट्रॅक्ट बाकी असताना, जा बाबा घरी म्हणून सोडतो हे वाचलं ना, तेव्हा खेळाचं काही कळत नसताना मी पेनरिथची फॅन झाले. वॉरियर्सची नाही हां, पेनरिथची.


ताईसाहेब_सँड्रिंगहॅम | २२ फेब्रुवारी, दुपारी १.१०

अगं किती आत ठेवलं होतंस हे. आता कसे आहेत बाबा?


ओली_भाकर | २२ फेब्रुवारी, दुपारी १.२५

बरे आहेत ताई. डबा लावलाय. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर अर्धा वेळ त्यांचं कपाळच दिसतं.


बिनपगारी_पंच | २२ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

विषयाला धरूनच एक सांगतो. लोक घरी आला घरी आला करतायत, पण ऑकलंड त्याचं घर नाहीये. तो हॉकियांगाचा. रावेनेला जन्म. आम्ही मागच्या ईस्टरला गेलो होतो तिकडे, ऑकलंडहून चार तास वर, शेवटी रस्ता संपतो आणि खाडी ओलांडायला फेरी. फेरीच्या रांगेत सात गाड्या होत्या, त्यात आमची एकटीच धुतलेली. समोरच्या ट्रकमधे मागे दोन कुत्री आणि एक आठ-नऊ वर्षांचं पोर, पोराच्या अंगात पेनरिथची जर्सी. इथे, वॉरियर्सच्या देशात, पेनरिथची. माझ्या मुलाने अंगठा खाली केला तर त्याने जीभ काढून दाखवली.

तर ऑकलंड म्हणजे त्याच्यासाठी मुंबई समजा. कोकणातला माणूस दुबईहून परत येतो तेव्हा मुंबईलाच येतो, गावाला नाही, पण रात्री निघालं तर सकाळी गावाला पोचता येतं एवढ्यावर त्याचं भागतं.


थंड_चहा | २२ फेब्रुवारी, सायंकाळी ५.१५

सगळे भावुक झालेत म्हणून थोडं पाणी ओततो. टॉप ३० खेळाडूंची सॅलरी कॅप असते. एका प्रॉपला मोठा तुकडा दिला की बाकीच्यांना चिल्लर. हाफबॅकची जागा आता मेटकाफकडे, पोरगा पळतो छान पण त्याचं शरीर अजून एक पूर्ण सीझन टिकलेलं मी बघितलेलं नाही. तो पडला की? तेव्हा तुमचा चार कपवाला कप्तान किक मारणारे का?

आणि वेबस्टर कोच आहे म्हणून त्याने पेनरिथचा माणूस आणला एवढंच आहे हे. २०२१-२२ ला तिकडे असिस्टंट होता. नवीन मॅनेजर जुन्या कंपनीतली माणसं आणतो तसं.


निळकंठ_ब्लॅकटाउन | २२ फेब्रुवारी, सायंकाळी ६.०२

जुन्या कंपनीने चार वर्षं कप जिंकला असेल तर आणावीत की.

बाय द वे, नोव्हेंबर २०२३, हॅमिल्टन. न्यूझीलंड ३०, ऑस्ट्रेलिया ०. ऑस्ट्रेलियाचा इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. कप्तान कोण होता ते बघा आणि मग थंड चहा प्या.


संपादक | २२ फेब्रुवारी, रात्री ८.००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. खेळाडूंच्या बायकांवर बोलायचं नाही. वाद खेळावर ठेवा. आणि डब्याच्या चौकशा व्यक्तिगत निरोपातून करा, पत्ते-फोन इथे टाकू नका.


पेनरोज_पांडू | २ मार्च, सायंकाळी ७.३०

३०-८. वेगासला जाऊन हरलो. जे जे तिकीट काढून गेले त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांतता.

थंड चहा, लिहा काय लिहायचं ते.


थंड_चहा | २ मार्च, सायंकाळी ७.३१

🍵


ताईसाहेब_सँड्रिंगहॅम | २ मार्च, रात्री ९.००

एका मॅचवर लोणच्याची बरणी फोडू नका.


कबड्डीवेडा_सांगली | २० जुलै, दुपारी ४.३०

धागा वर काढतोय. ह्या लोकांच्या नादाने पहिल्यांदा पूर्ण मॅच बघितली, न्यूकॅसलची. हे काय होतं शेवटी? १५-१५, घड्याळ संपत आलेलं, आपल्या बॉइडने मारलेली किक समोरच्याने अडवली, म्हटलं संपलं, आणि तो हलासिमा नावाचा तरणा पोरगा सुटलेला बॉल उचलतो आणि अंगावर माणसं लटकत असताना जाऊन टेकवतो. मी उठून उभा राहिलो तर घरच्यांना वाटलं करंट लागला.

आता मी 'आपल्या' लिहिलं हे पाठवल्यावर लक्षात आलं. राहू दे.


फिजिओ_मनुकाऊ | २० जुलै, रात्री ८.१५

स्वागत आहे 😀 मेटकाफचा गुडघा गेला, एसीएल म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट. त्याच्या आधी आपला दुसरा प्रॉप बार्नेटचाही, तोही एसीएल. थंड चहांनी फेब्रुवारीत लिहिलं होतं ते आठवलं आणि रागच आला त्यांचा, जसं काही त्यांनीच केलं.


पेनरोज_पांडू | १४ सप्टेंबर, पहाटे १२.५०

झोप येत नाहीये. मैदानावरूनच आलोय. फायनल्सची पहिलीच मॅच, २४-८ हरलो. आणि हरवलं कुणी? पेनरिथने. मे महिन्यात पॉइंट्स टेबलच्या तळाला होते हो ते, त्यांच्यावर जोक टाकत होतो मी ऑफिसच्या ग्रुपवर. आम्ही सहावे, ते सातवे, मॅच आमच्या घरी, स्टेडियम गच्च, पोराच्या गालावर रंग.

सुटल्यावर गर्दीबरोबर स्टेशनकडे चालत होतो. माउंट स्मार्ट म्हणतात पण माउंट कुठे आहे, पूर्वी डोंगर होता तो खणून खणून नेला, रस्ते-रेल्वेला दगड लागले त्यासाठी, आणि उरलेल्या खाणीत हे मैदान. पोराने विचारलं बाबा डोंगर कुठाय तर सांगितलं आपण त्याच्यावरच चाललोय. माझ्या पुढे एक माओरी आजी, अंगात वॉरियर्सची जर्सी, पाठीवर ८ नंबर आणि गळ्यात जुना काळा पेनरिथचा स्कार्फ. मी विचारलं, आज कुणाकडून होतात? म्हणाली, नातवाकडून. कोण नातू, कुठला नातू विचारायची हिंमत झाली नाही. असेल कुणीतरी ज्युनियर टीममधला. किंवा नसेलही कुणी.

फोनुआ-ब्लेक मात्र पुढच्या फेरीत. क्रोनुला जिंकले.


निळकंठ_ब्लॅकटाउन | १४ सप्टेंबर, सकाळी ७.२०

पांडूशेठ, चिडवणार होतो, रात्री मीम पण बनवून ठेवलं होतं. हे वाचून डिलीट केलं. (ग्रुपवर मात्र टाकलं.)

पण हिशोब करा ना. तेराव्यावरून सहाव्यावर. हाफबॅक नाही, बार्नेट नाही, तरी. माझ्या मते सौदा पास.


थंड_चहा | १४ सप्टेंबर, सकाळी १०.४५

सहावा नंबर फिशर-हॅरिसमुळे आला हे कुणी ठरवलं? माझ्या डोळ्यांना वर्षभर दिसला तो एरिन क्लार्क. गोल्ड कोस्टहून गुपचूप आणला, त्याच्यावर ह्या धाग्यात एक ओळ नाही, मीपण नाही लिहिली. तेरा नंबर घालून अख्खा वेळ मधे राबतो. मोठ्या सहीच्या गाजावाजात खरी चांगली सही दुसरीच होती.


बिनपगारी_पंच | १४ सप्टेंबर, सकाळी ११.३०

चहाशी पहिल्यांदा सहमत. फक्त एवढंच जोडतो की क्लार्कला मधे पळायला जागा मिळत होती ती आधीच्या दोन धडकांनंतर. मॅच परत बघा आणि बॉलकडे बघू नका, आठ आणि दहा नंबर बॉल नसताना कुठे उभे असतात ते बघा.


थंड_चहा | १४ सप्टेंबर, सकाळी ११.३४

तुम्ही शिक्षक आहात का हो?


बिनपगारी_पंच | १४ सप्टेंबर, सकाळी ११.३६

होतो.


थंड_चहा | ३ ऑक्टोबर, दुपारी २.००

डॅली एम, म्हणजे लीगचे वर्षाचे पुरस्कार, जाहीर झाले. वर्षाचा लॉक (तेरा नंबर), एरिन क्लार्क. नोंद असावी.


पेनरोज_पांडू | ३ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४५

नोंद घेतली. गुरुजींनी सांगितलं तसं मी दोन मॅच परत बघितल्या, बॉल सोडून. पोरगा म्हणाला बाबा तुम्ही चुकीच्या बाजूला बघताय. माझा हाफबॅकचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण फिशर-हॅरिस कशाला आणला हे आता विचारणार नाही. चार वर्षं जास्त आहेत, ह्यावर मात्र फिजिओताईंबरोबर.

पुढच्या सीझनची मेंबरशिप घेतोय, पूर्वेच्या बाजूला चार सीट एकत्र मिळतायत, तीन आमच्या. चौथी कुणाला हवी असेल तर रविवारपर्यंत निरोप टाका.


ओली_भाकर | ३ ऑक्टोबर, रात्री ९.१०

मला चालेल. बाबा फेब्रुवारीत येतायत तीन महिन्यांसाठी, व्हिसा आला. त्यांच्यासाठी हवी आहे. मी पेनरिथचीच आहे, पण ते सांगलीच्या दादांसारखे कबड्डीवाले, त्यांना आठ नंबर दाखवायचा आहे.


पेनरोज_पांडू | ३ ऑक्टोबर, रात्री ९.१४

धरली. त्यांना सांगा कानटोपी आणायला, एप्रिलमध्ये तिथे वारा आडवा येतो.